रकाना क्रमांक चार

एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पिकरेल नदीतला बर्फ फुटला आणि जाता जाता आमचा पूल घेऊन गेला. जीवितहानी झाली नाही. पुलावर त्या वेळी फक्त कर्टिस फेन्स्कीचा कुत्रा होता. तो पोहत अलीकडे आला आणि त्यानंतर पलीकडे जायचा विषय त्याने कधी काढला नाही. पुढे वर्षभर गावाच्या नगर परिषदेचे धोरणही साधारण हेच राहिले.

मी या नगर परिषदेचा लिपिक आहे. नाव ग्लेन हस्बी. एल्क बेंड गावाच्या सभांचे इतिवृत्त मी बावीस वर्षे लिहीत आलो आहे. गावाची लोकसंख्या आठशे बारा. त्यातले सातशे एकोणऐंशी लोक नदीच्या अलीकडे राहतात आणि तेहतीस पलीकडे. शाळा, चर्च, दवाखाना, किराणा दुकान, अग्निशमन बंब आणि डॉटीचे कॅफे अलीकडे आहे. पलीकडे गायी, मका आणि अकरा घरे. पूल होता तेव्हा पलीकडच्या माणसाला चर्चला यायला चार मिनिटे लागत. पूल गेल्यावर महामार्गाने वळसा घालून एकतीस मैल.

दुसऱ्याच दिवशी तातडीची बैठक झाली. नवीन पूल हवा, हा ठराव नऊ मिनिटांत एकमताने मंजूर झाला. माझ्या कारकिर्दीत तोपर्यंत कुठलाच ठराव एकमताने मंजूर झालेला नव्हता; नाताळचे दिवे कधी उतरवायचे यावरही आमच्याकडे दोन मते असतात आणि त्यामुळे ते मार्चपर्यंत लटकत राहतात. सगळे कोट घालून निघायच्या बेतात होते. तेवढ्यात मी काउंटीकडे, म्हणजे जिल्हा कचेरीकडे, पाठवायचा अर्ज वाचायला घेतला. रकाना एक, नदीचे नाव. रकाना दोन, लांबी. रकाना तीन, लाभार्थी लोकसंख्या. रकाना चार, पुलाचे नाव.

जुन्या पुलाला नाव नव्हते. गावात पूल एकच होता, त्यामुळे त्याला सगळे पूल म्हणत.

"काहीतरी लिही ना," महापौर ड्वेन क्लॉस्टरमन म्हणाला. ड्वेन बियाणे विकतो आणि दुसरे कोणी उभे राहत नाही म्हणून तीन वेळा निवडून आला आहे.

"काहीतरी असं लिहिता येत नाही. सरकारी अर्ज आहे."

"मग 'पूल' लिही."

"पुलाचं नाव, पूल? काउंटीतले लोक हसतील आपल्याला."

हे वाक्य मी बोललो नसतो तर पुढचे काहीच घडले नसते. इतिवृत्तात ते सापडणार नाही. इतिवृत्त मीच लिहितो.

तेव्हा पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर मी सातवा विषय घातला : 'पुलास नाव देणेबाबत. अपेक्षित वेळ पाच मिनिटे.' सहावा विषय भटक्या मांजरांचा होता आणि आठवा जलतरण तलावाच्या रंगाचा. आठव्या विषयापर्यंत आम्ही अद्याप पोहोचलेलो नाही.

त्या सभेत कर्टिस फेन्स्की उभा राहिला. कर्टिसचे हार्डवेअरचे दुकान आहे आणि परिषदेत तो गावामधून जाणाऱ्या रेल्वे रुळांच्या उत्तरेकडचा, म्हणजे जर्मन आडनावांचा, आवाज समजला जातो. पुलाला गावाचे संस्थापक लुडविग अ‍ॅम्सलर यांचे नाव द्यावे, असे त्याने सुचवले. अ‍ॅम्सलर १८६८ साली इथे आले, एवढी एकच गोष्ट त्यांच्याबद्दल सर्वांना माहीत होती, आणि तीही त्यांच्या थडग्यावर कोरली आहे म्हणून.

त्यावर जॉइस लिंडाल उभी राहिली. जॉइस शाळेच्या ग्रंथपाल पदावरून निवृत्त झाली आहे. रुळांच्या दक्षिणेकडची स्वीडिश आडनावे तिचे ऐकतात, कारण त्यांतल्या प्रत्येकाकडे एकेकाळी तिच्या ग्रंथालयाचे एखादे पुस्तक राहून गेले होते. तिने शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे दिवंगत प्रशिक्षक व्हर्न हॉलक्विस्ट यांचे नाव सुचवले. हॉलक्विस्टांच्या संघाने १९७४ साली राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि तिथे तो एका गुणाने हरला. त्या हरण्याएवढे मोठे यश गावाला पुन्हा मिळालेले नाही.

मते पडली दोन विरुद्ध दोन. बरोबरी झाली तर निर्णायक मत महापौरांचे, असा नियम आहे. ड्वेनने खिडकीबाहेर पाहिले. तो दोन्ही बाजूंना बियाणे विकतो.

"मला वाटतं," तो म्हणाला, "लोकांना चर्चा करू द्यावी."

लोकांनी चर्चा केली. जून संपेपर्यंत गावातल्या प्रत्येक अंगणात पाटी लागली होती. उत्तरेकडे निळी, 'अ‍ॅम्सलर : आपली मुळे'. दक्षिणेकडे लाल, 'हॉलक्विस्ट : आपला अभिमान'. डॉटीच्या कॅफेत निळ्यांनी खिडकीकडची टेबले घेतली आणि लालांनी स्वयंपाकघराकडची. अ‍ॅपल पाय कोणत्या टेबलाला आधी वाढायचा यावरून दोनदा वाद झाला, म्हणून डॉटीने तो करणेच बंद केले. माझे आजोबा नॉर्वेहून आलेले, त्यामुळे मी दोन्ही बाजूंना सारखाच संशयास्पद होतो. मी काउंटरवर उभा राहून कॉफी पिऊ लागलो.

जुलैच्या सभेला रोझलिन बाके आली. रोझलिन पलीकडची. तिचा नवरा मर्ल गायी पाळतो आणि ती छत्तीस वर्षे आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. पूल गेल्यापासून ती दर रविवारी एकतीस मैलांचा वळसा घालून यायची. ती पोहोचेपर्यंत पहिले स्तोत्र ऑर्गनशिवाय व्हायचे, आणि चर्चमध्येही निळे उजवीकडे व लाल डावीकडे बसत असल्यामुळे ते दोन वेगवेगळ्या वेळी संपायचे.

नागरिकाला सभेत बोलायला तीन मिनिटे मिळतात. मी घड्याळ लावले.

"मी रोझलिन बाके, पलीकडची," ती म्हणाली. "पुलाला नाव नसलं तर आमचं काही अडत नाही. पूल नसला की अडतं. एवढंच."

अकरा सेकंद झाले होते.

"रोझलिन, तुझी अडचण कळते गं आम्हाला," जॉइस म्हणाली. "पण इतिहासाबद्दल एवढी बेफिकिरी बरी नाही."

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची नाहीस तर," कर्टिस खूश झाला. "आमच्या बाजूची म्हणायची."

"नाही रे."

"मग कोणत्या बाजूची? एक काहीतरी असेल ना."

"नदीच्या त्या बाजूची."

सभागृहात दोन्हीकडून नाराजीचा सूर उमटला. दोन्ही बाजूंचे एखाद्या गोष्टीवर एकमत व्हायची ती जूननंतरची पहिलीच वेळ. ऑगस्टमध्ये परिषदेने शिस्तीचा नियम केला. चर्चेचा वेळ दोन्ही पक्षांना समान मिळावा म्हणून प्रत्येक वक्त्याने आधी आपला पक्ष सांगायचा आणि त्याची मिनिटे त्या पक्षाच्या खात्यावर धरायची. रोझलिनला पक्ष नव्हता, त्यामुळे तिची मिनिटे धरायला खाते नव्हते, आणि खाते नसल्यामुळे तिला मिनिटे नव्हती. नियमाचा मसुदा माझा होता. सुबक झाला आहे, असे ड्वेन म्हणाला.

यानंतरही ती प्रत्येक सभेला येत राहिली. मागच्या रांगेत बसून विणकाम करायची आणि सभा संपली की एकतीस मैल परत जायची.

सप्टेंबरमध्ये संशोधनाला वेग आला. आमच्या गावच्या इतिहास मंडळाचे तीन सदस्य आहेत. त्यांनी काउंटीच्या तळघरातून लुडविग अ‍ॅम्सलर यांच्यासंबंधी एक कागद शोधून काढला. अ‍ॅम्सलर नदीवर होडी चालवत आणि माणशी भाडे घेत. १८७९ साली गावाने पहिला पूल बांधायचा ठरवला तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि पूल चार वर्षे अडवून धरला.

लाल पाट्यांकडे दोन दिवस आनंदीआनंद होता. कर्टिसने शांतपणे खुलासा केला.

"म्हणजे पुलाचं महत्त्व गावात सगळ्यात आधी कोणाला कळलं? त्यालाच ना?"

त्याच आठवड्यात प्रशिक्षक हॉलक्विस्ट यांच्या पत्नी इंगा कॅफेत आल्या. त्यांचे वय एक्याण्णव आहे. त्या लालांच्या टेबलाशी बसल्या आणि सूप येईपर्यंत सहज म्हणाल्या, "व्हर्न त्या पुलावरून कधी गेला नाही बरं का."

जॉइसने कॉफीचा कप खाली ठेवला.

"पाण्याची धास्ती होती त्याला. लग्नाआधीपासूनची. पलीकडे कुणाकडे जेवायला जायचं झालं तरी महामार्गाने जायचो आम्ही. गाडीतच भांडायचो. त्याच्या नावाचा पूल म्हटल्यावर तो काय म्हणाला असता, मला सांगवत नाही."

"इंगा," जॉइस फार मायेने म्हणाली, "तुम्ही त्यांच्या खूप जवळ होता. इतक्या जवळून माणूस नीट दिसत नाही."

इंगाने सूप बांधून घेतले आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात कोणीतरी आणखी एक लाल पाटी लावून गेले होते.

ऑक्टोबरचा पहिला रविवार म्हणजे अग्निशमन दलाचा वार्षिक पॅनकेक नाश्ता. बंब बाहेर काढतात आणि त्याच्या जागी टेबले मांडतात. यंदा तवे दोन होते. साडेअकराच्या सुमारास निळ्यांच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले की धूर फार होतोय. लालांच्या रांगेतून उत्तर आले की तुमच्याच तव्याचा होतोय. मग सगळ्यांनी नदीकडे पाहिले.

मर्ल बाकेचे गवताचे कोठार पेटले होते. ओले गवत रचून ठेवले की आतून तापत जाते, हे सगळ्यांना माहीत असते आणि दरवर्षी कोणाचे तरी पेटते. कोठाराला लागूनच गोठा होता आणि गोठ्यात अडतीस गायी होत्या.

बंब सहा मिनिटांत निघाला. वळसा घालायचा तर पाऊण तास लागला असता. कोठार समोर, स्पष्ट दिसत होते, म्हणून दलाने नदीच्या अलीकडच्या काठावर उभे राहून पाणी मारायचे ठरवले. नदी तिथे जेमतेम दीडशे फूट रुंद आहे. पाण्याची धार उत्तम निघाली. ती आगीपासून बारा फूट अलीकडे पडत होती.

"जोर वाढव."

"हाच पूर्ण जोर आहे."

"जूनमध्ये तुम्ही ऐकलं असतंत तर आज इथून बंब गेला असता पलीकडे."

"आम्ही? खोडा कोणी घातला? पाइप नीट धर."

"धरलाय. तू तुझी टोपी बघ." टोपीवर निळी चिकटपट्टी होती.

पाइप दोघांनी धरला होता आणि त्यांच्यामागे गावातले तीनशे लोक उभे होते. काहींच्या हातात अजून कागदी ताटल्या होत्या. पलीकडे मर्ल आणि रोझलिन एकेक गाय ओढून बाहेर काढत होते. मर्ल हा माझा पत्त्यांमधला जोडीदार, एकोणीस वर्षांपासूनचा. गुरुवारी आम्ही खेळायचो. एप्रिलनंतर खेळलो नव्हतो. धुरातून तो काठाकडे आला आणि त्याने हात हलवला. मीही हात हलवला. तो हात हलवत नव्हता, भाजलेला हात झटकत होता, हे मला तीन दिवसांनी कळले.

शेवटी पलीकडच्या बाजूने नॉर्डेन गावचा बंब आला आणि त्यांनी आग विझवली. गायी वाचल्या. कोठार गेले. मर्लचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. आमच्या दलाने नदीत नऊ हजार लिटर पाणी सोडले, अशी नोंद आहे.

मंगळवारी विशेष सभा झाली. गाव खरोखर हादरले होते. मी दोन्ही बाजूंच्या माणसांना डोळे पुसताना पाहिले आणि मला वाटले, झाले, आता हे संपले. कर्टिस टोपी काढून उभा राहिला.

"या आगीने एक गोष्ट आपल्याला शिकवली," तो म्हणाला. "यापुढे नाव ठरवायला एक दिवसही उशीर करणं म्हणजे बाके कुटुंबावर अन्याय आहे."

सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. जॉइस टेबलाला वळसा घालून गेली आणि तिने कर्टिसला मिठी मारली. मागच्या रांगेतली रोझलिन विणकाम मांडीवर ठेवून बघत होती. बोलायला तिच्याकडे मिनिटे नव्हती.

त्या भारलेल्या वातावरणात तोडगा निघाला. दोन्ही नावे द्यायची. कोणाचे आधी, यावर दीड तास गेला. अखेर अलीकडून वाचताना अ‍ॅम्सलर-हॉलक्विस्ट आणि पलीकडून वाचताना हॉलक्विस्ट-अ‍ॅम्सलर, असा फलक करायचे ठरले. पलीकडे तेहतीसच माणसे असल्यामुळे लालांनी कुरकूर केली. त्यांच्या समाधानासाठी पलीकडची अक्षरे दोन इंच मोठी ठेवण्यात आली. मी रकाना चारमध्ये बारीक अक्षरात 'अ‍ॅम्सलर-हॉलक्विस्ट स्मृती पूल' लिहिले आणि अर्ज पाठवून दिला.

फलक नोव्हेंबरमध्ये लागला. शाळेचा बँड आला होता. ड्वेनने फीत कापली, लोक सवयीने पुढे चालू लागले आणि चाळीस फुटांवर रस्ता संपला तिथे थांबले. सगळे थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग थंडी वाजते म्हणून परत आले.

काउंटीचे उत्तर जानेवारीत आले. मजकूर असा : 'आपल्या गावी सदर ठिकाणी अ‍ॅम्सलर-हॉलक्विस्ट स्मृती पूल या नावाच्या पुलाची नोंद झालेली असल्याने, त्याच ठिकाणी दुसऱ्या पुलाची आवश्यकता दिसून येत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी फोन केला. एका बाईंनी उचलला.

"पूल नाहीये तिथे," मी म्हणालो.

"मग त्याला नाव कसं आहे?"

"नाव आधी दिलं."

"असं कोण करतं?"

मी विषय बदलला. "ती नोंद रद्द करता येईल का?"

"येईल की. पूल पाडल्याचा दाखला पाठवा."

"पाडलेला नाही हो. वाहून गेला. मागच्या एप्रिलमध्ये."

"एप्रिलमध्ये त्याला हे नाव होतं?"

"नव्हतं."

"मग तो वेगळा पूल," बाई म्हणाल्या. "हा शाबूत आहे."

पाडल्याच्या दाखल्यासाठी परिषदेचा ठराव लागतो. फेब्रुवारीत मी तो मांडला : 'अ‍ॅम्सलर-हॉलक्विस्ट स्मृती पूल पाडण्यात यावा.' कर्टिस म्हणाला, माझ्या हयातीत लुडविग अ‍ॅम्सलरचा पूल कोणी पाडू शकणार नाही. जॉइस म्हणाली, प्रशिक्षकांच्या स्मृतीला हात लावून तर बघा. ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला गेला.

मार्चमध्ये नोंदणीकृत पुलांचा वार्षिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. तपासणी लिपिकाने करायची असते. मी काठावर जाऊन आलो आणि अहवाल भरला. भेगा : आढळल्या नाहीत. गंज : नाही. कठडे : हलत नाहीत. वर्षभरातील अपघात : शून्य. प्रत्येक ओळ खरी होती. काउंटीने आम्हाला प्रशस्तिपत्र पाठवले. मागील बारा महिन्यांत सर्वाधिक सुरक्षित ठरलेला पूल. ते चौकटीत घालून सभागृहात लावले आहे.

प्रशस्तिपत्र लावले त्या आठवड्यात रोझलिन माझ्या कार्यालयात आली. सकाळची वेळ होती आणि तिचे बूट चिखलाने भरले होते. तिने ते दाराबाहेर काढले आणि मोज्यांवर आत आली. मी मर्लच्या हाताची चौकशी केली.

"दोन बोटं वळत नाहीत अजून," ती म्हणाली. "ग्लेन, मला एकच विचारायचं आहे. कायद्यानं तिथं पूल आहे ना?"

"आहे."

"पक्का?"

मी उघड्या दारातून सभागृहातल्या प्रशस्तिपत्राकडे बोट दाखवले.

"मग आम्ही त्याच्यावर काही टाकलं, म्हणजे फळ्या वगैरे, तर त्याला काय म्हणायचं?"

मी नियमपुस्तक काढले. कलम सापडले ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. अस्तित्वात असलेल्या पुलाची किरकोळ दुरुस्ती लगतच्या रहिवाशांनी स्वखुशीने केल्यास कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही.

"दुरुस्ती," मी म्हणालो.

"किती मोठी दुरुस्ती चालते?"

"किरकोळ म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. मग बूट घालता घालता म्हणाली, "तू चांगलं वाचतोस, ग्लेन. आधीपासूनच वाचायचं होतंस."

जुन्या पुलाचा मधला खांब नदीत अजून उभा होता. पलीकडच्या अकरा घरांनी रेल्वेच्या मोडीत काढलेल्या दोन सपाट मालवाहू वाघिणी मिळवल्या. नॉर्डेनच्या लोकांनी क्रेन आणली. एका शनिवारी पहिली वाघीण पलीकडच्या काठापासून खांबापर्यंत टाकली, पुढच्या शनिवारी दुसरी खांबापासून अलीकडे. त्यावर ओकच्या फळ्या ठोकल्या. मर्लने एका हाताने ठोकता येतील तेवढे खिळे ठोकले. भाषण झाले नाही, कारण ऐकायला कोणी मोकळे नव्हते. रविवारी रोझलिन चार मिनिटांत चर्चला पोहोचली आणि पहिल्या स्तोत्राला ऑर्गन वाजला. उजवी आणि डावी बाजू एकाच वेळी थांबली. माणसे थोडी दचकली.

गुरुवारी मर्ल माझ्याकडे पत्ते खेळायला आला. पाने धरायला त्याने स्वयंपाकघरातला चिमटा आणला होता. हात भाजला त्या दिवसाबद्दल त्याने काही काढले नाही. मीही काढले नाही. समोरच्या जोडीशी आम्ही सलग चार डाव हरलो आणि तो म्हणाला, "तू वर्षभर काही खेळलाच नाहीस वाटतं."

आता सगळे गाव त्या पुलावरून जाते. कर्टिसचा कुत्राही जातो. इथेच हे थांबले असते, पण मे महिन्यात जॉइसने एक मुद्दा काढला. वाघिणींचा पूल ही जुन्या पुलाची दुरुस्ती आहे, की तो नवीन पूल आहे? दुरुस्ती असेल तर त्याला दोन्ही नावे आपोआप लागू होतात. नवीन असेल तर त्याला नावच नाही, आणि मग प्रशिक्षकांचे नाव एकट्याने द्यायला काय हरकत आहे? कर्टिस म्हणाला, नवीन असेल तर संस्थापकांचा हक्क आधी. परिषदेने विषय जनतेपुढे ठेवला. सभेला एकशे चाळीस माणसे आली. अंगणांत पाट्या पुन्हा लागल्या आहेत. यंदाच्या पाट्या प्लास्टिकच्या आहेत, टिकाऊ.

वाघिणींवरून गाड्या गेल्या की फळ्या हलतात. दर आठवड्याला खिळे घट्ट करावे लागतात आणि दोन-चार फळ्या बदलाव्या लागतात. रोझलिनने डॉटीच्या कॅफेत एक चिठ्ठी लावली : 'पुलाचे काम. शनिवार, सकाळी आठ. हातोडा आणावा. कॉफी मिळेल.' पहिल्या शनिवारी सहा जण आले. पाच पलीकडचे आणि सहावा मी. मी दोन फळ्या उचलल्या आणि साडेआठला निघालो, कारण मंगळवारच्या सभेसाठी चर्चमधून जादा खुर्च्या आणायच्या होत्या. त्यानंतर मला जमलेले नाही. खुर्च्या दर आठवड्याला कमीच पडतात.

ही हकीकत मी बाहेरगावच्या बऱ्याच लोकांना सांगितली आहे. सगळे मनापासून हसतात. कोणत्या गावात राहतोस बाबा, म्हणतात. अशी माणसे आमच्याकडे नाहीत, असेही म्हणतात. मग कॉफी संपता संपता जरा पुढे झुकतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "पण तसं पाहिलं तर, ग्लेन, नाव खरं म्हणजे..." आणि दोघांपैकी एक नाव घेतात.

तुम्ही कोणाचे घ्याल ते मला सांगू नका. मी लिपिक आहे, मला मत ऐकता येत नाही, फक्त नोंदवता येते. पुढची सभा मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आहे. तुम्हाला तीन मिनिटे मिळतील. लवकर या, नाहीतर उभे राहावे लागेल.

शनिवारी सकाळी मात्र जागाच जागा असते.